अर्ध्या ताकदीचा उन्हाळा

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याविषयी लिहायचे म्हणजे लग्नाच्या मांडवात बारशाचा विषय काढण्यासारखे आहे, हे मला कळते. पण या विषयाला दिवाळीचाच मुहूर्त का धरला त्याला कारण आहे, आणि ते मी शेवटी सांगणार आहे. तोपर्यंत वाचकांनी चकलीचा तुकडा तोंडात टाकून माझी फजिती ऐकावी.

मला स्वस्थ बसवत नाही. हा गुण की दोष याचा निर्णय घरात अजून व्हायचा आहे. माझे वय चोपन्न. पहाटे साडेपाचला मी शिवाजी पार्कवर हजर असतो. रथसप्तमीपासून रोज एक्कावन्न सूर्यनमस्कार घालण्याचा माझा नेम आहे. जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन असते, तिच्यातले एकवीस किलोमीटर मी दोनदा धावलो आहे. कचेरीत लिफ्ट असताना मी जिने चढतो, आणि "या वयात काय हा उत्साह!" असे कोणी म्हटले, की आणखी एक मजला चढतो. वर्षभर असा धावणारा माणूस सुट्टीतही धावणारच, नाही का?

२०२३ च्या मे महिन्यात मी, सौ. आणि कॉलेजात जाणारी आमची कन्या असे तिघे अलिबागजवळ नागावला मामांकडे गेलो. माझ्या लहानपणी रेवसच्या लाँचमध्ये बसताना आई हातात लिंबू द्यायची. आता २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट माणसे नेणारी बोट सुटते आणि तासाभरात पलीकडचा किनारा येतो. पुढे अलिबाग, आणि अलिबाग सोडले की नारळी-पोफळींच्या सावलीतला नागावचा रस्ता. मामांचे घर जुने आहे. पुढे ओटी, ओटीवर झोपाळा, आत कोब्याची थंडगार जमीन असलेले माजघर, आणि मागे वाडी. विहिरीवरचा रहाट जाऊन पंप आला, त्यालाही कितीतरी वर्षे झाली. पण पाटातून पोफळीच्या बुंध्याशी खळखळत जाणारे पाणी तेच आहे. पडवीत आढ्याला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या होत्या. मामींनी आल्या आल्या कोकमाचे सरबत पुढे केले आणि तुकतुकीत ताडगोळ्यांची बशी भरून ठेवली.

मामा ब्याऐंशी वर्षांचे. उभा जन्म शाळामास्तरकीत गेला. अंगाने काटकुळे, पण बसले की पाठ अशी ताठ, की आपण आपोआप सावरून बसावे. त्यांना पाहून मी मनात म्हटले, या वयात आपण यांच्यापेक्षा दोन पावले पुढेच असू. माणसाची खोड मोडायची वेळ जवळ आली म्हणजे असे विचार सुचतात.

सुरूच्या बनात

दुसऱ्या दिवशी आंब्याच्या रसाच्या कृपेने उठायला उशीर झाला. नेम चुकवायचा नाही म्हणून मी नऊ वाजता समुद्रावर गेलो आणि आक्षीच्या दिशेने पळू लागलो. ज्येष्ठ लागून दोनच दिवस झाले होते. ऊन म्हणावे तर मुंबईसारखेच. विदर्भात पारा पंचेचाळिसाला टेकतो, इथे चौतिशीच्या आसपास; मग भ्यायचे कशाला? शिवाय समोर समुद्र, अंगावर वारा. पहिली दोन किलोमीटर झकास गेली. परतताना सदरा पिळून काढावा असा भिजला, पण अंग काही गार होईना. पोटऱ्यांत गोळे आले. वाळू हलते आहे असे वाटले, आणि मी सुरूच्या झाडाखाली मटकन बसलो.

डोळ्यांपुढची अंधारी गेली तेव्हा एक कोळीण टोपली उतरवून समोर उभी होती. "दादा, या येलंला कोन पलतं?" तिने विचारले. तिच्या बाटलीतले पाणी मी प्यालो. तिने ओला पदर माझ्या मानेवर पिळला आणि एका पोराला मामांच्या घरी पिटाळले. थोड्या वेळाने सौ. आली. ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. ती काहीच बोलली नाही. फक्त माझा हात धरला, आणि तो हात कापत होता.

तिच्या भीतीला कारण होते. पाचच आठवड्यांपूर्वी, १६ एप्रिल २०२३ रोजी, आमच्या याच रायगड जिल्ह्यात खारघरला उघड्या मैदानावरच्या मोठ्या समारंभात उष्माघाताने माणसे गेली होती. मृतांचा आकडा चौदावर गेला. ती माणसे पळत नव्हती, उन्हात नुसती बसली होती. त्या बातम्या आम्ही मुंबईत चहा घेता घेता वाचल्या होत्या आणि 'अरेरे' म्हणून पान उलटले होते.

घाम आणि समुद्राची हवा

दुपारी मीठ-साखरेचे पाणी पिऊन मी ओटीवर पडलो होतो. मामा झोपाळ्यावर येऊन बसले.

"एक्कावन्न नमस्कार कधीपासून घालतोस?"

"रथसप्तमीपासून."

"रथसप्तमीला हवा कशी असते?"

"थंड."

"आणि आत्ता?"

मी गप्प बसलो. मास्तर मंडळींचा हा एक त्रास असतो. उत्तर आपल्याच तोंडून काढून घेतात.

मग त्यांनी समजावून सांगितले. घाम नुसता आल्याने अंग थंड होत नाही, तो वाळल्याने होते. कोरड्या हवेत घाम पटकन वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. समुद्रकाठची हवा आधीच पाण्याने भरलेली. तिथे घाम वाळत नाही, नुसता गळतो. म्हणजे अंगातले पाणी आणि मीठ जाते, उष्णता मात्र आतच राहते. म्हणून किनाऱ्यावरचे चौतीस अंश दिसायला सौम्य असले तरी फसवे असतात. आपले हवामान खातेसुद्धा हा भेद मानते: सपाट मुलखात उष्णतेच्या लाटेचा विचार चाळीस अंशांपासून होतो, तर किनाऱ्यावर सदतीसपासूनच.

"आपल्या वैद्यांनी हे यंत्रांवाचून ओळखले होते," मामा म्हणाले. "व्यायाम करावा तो अर्ध्या शक्तीने, आणि तोही थंडीत नि वसंतात. उरलेल्या ऋतूंत त्याहून कमी. ग्रीष्मात तर व्यायाम आणि ऊन दोन्ही टाळा असे वाग्भटाने सांगून ठेवले आहे. एरवी दिवसा झोपणाऱ्याला आयुर्वेद रागावतो, पण ग्रीष्मात दुपारच्या झोपेला मुभा देतो."

"अर्धी शक्ती ओळखायची कशी?"

"कपाळावर, नाकावर, काखेत घाम फुटला आणि नाकाने पुरेना म्हणून श्वास तोंडाने घ्यावासा वाटला, की अर्धी शक्ती संपली. तिथे थांबायचे. तू तिथून सुरुवात करतोस."

लोणावळ्याची शिदोरी

मामांच्या या ज्ञानाचा उगम लोणावळ्यात आहे. १९६५ साली तरुण शिक्षक असताना ते तिथल्या कैवल्यधामात काही काळ शिकून आले होते. स्वामी कुवलयानंद तेव्हा हयात होते. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, ते गेले. मामांनी त्यांना लांबूनच पाहिले, पण त्या दर्शनाची गोष्ट ते अजून रंगवून सांगतात.

स्वामींचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याच्या प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी व्यायामाचे शिक्षण घेतले आणि नंतर माधवदासजींकडे योग शिकले. म्हणजे आधी घाम गाळणारा गडी, मग योगी. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना शरीराच्या आत काय घडते, दाब किती बदलतो, हे यंत्रे लावून मोजण्याचा खटाटोप त्यांनी केला. योग म्हणजे चमत्कार नव्हे, तपासून पाहण्याची गोष्ट आहे, हा त्यांचा आग्रह होता.

सूर्यनमस्कारांचे ऋण मात्र औंधच्या पंतप्रतिनिधींकडे जाते. राजेसाहेब भवानराव स्वतः नमस्कार घालीत, संस्थानातल्या शाळांतून घालवून घेत, आणि त्यांनी त्यावर पुस्तकेही लिहिली. मामांचे नमस्कारांशी वैर नाही. ते आजही पहाटे सहा घालतात. सहाच! पण एकेक असा संथ, की प्रत्येक अवस्थेत श्वास मोजून घ्यावा. मला त्या सहांत जेवढे कळले, तेवढे माझ्या एक्कावन्नांत कधी कळले नव्हते.

नागावचा दिनक्रम

पुढचे आठ दिवस मी मामांच्या ताब्यात होतो. दिनक्रम अगदी साधा होता आणि शहरातल्या दोन खोल्यांतही तो जमतो, म्हणून सविस्तर देतो.

पहाटे पाचला उठायचे. तोंड धुऊन पेलाभर पाणी. उजाडायच्या आत वाडीत नाहीतर वाळूवर अनवाणी अर्धा तास चालायचे. चालता चालता बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की चाल मंद करायची. मग सहा नमस्कार, आणि ताडासन, भुजंगासन, पश्चिमोत्तानासन अशी नेहमीचीच दोन-चार आसने, ताण देऊन नव्हे तर सैल सोडून. सूर्य माडांच्या शेंड्यांवर आला की व्यायाम बंद.

त्यानंतर श्वास. उन्हाळ्यात भस्त्रिका आणि सूर्यभेदन मामा करू देत नाहीत. त्याऐवजी शीतली आणि सीत्कारी. शीतलीत जीभ बाहेर काढून तिची नळी करायची, त्या ओल्या नळीतून श्वास हळू आत ओढायचा, तोंड मिटायचे आणि नाकाने सोडायचा. काहींच्या जिभेची नळी होतच नाही. आमच्या कन्येची होते, माझी होत नाही. अशांनी दात जुळवून फटींतून वारा घ्यावा, ती सीत्कारी. हठप्रदीपिकेत दोन्ही सांगितल्या आहेत. दहा-बारा वेळा केले की टाळू आणि घसा गार होतो. कारण तेच, ओलाव्यावरून वाहणारा वारा. पण शीतलीने तापलेले सबंध शरीर थंड होते असा समज करून घेऊन उन्हात जाऊ नये.

दुपारी जेवण हलके: भात, सोलकढी, एखादी भाजी. मग थोडी झोप. आणि चार वाजता, पोट हलके झाल्यावर, मामांचा खरा वर्ग भरे. या वर्गात कोणी काही 'करायचे' नसे.

पहिला धडा भिंतीचा. भिंतीला बसका टेकवून उताणे निजायचे, पाय सरळ भिंतीवर वर सोडायचे, कमरेखाली घडी घातलेली चादर. हे विपरीत करणीचे सोपे, घरगुती रूप. दिवसभर उभे राहून सुजलेल्या पायांना पाच ते दहा मिनिटांत विसावा मिळतो. दुसरा धडा लोडाचा. ओटीवरचा लोड पाठीखाली लांबीत घ्यायचा, डोक्याखाली उशी, तळपाय एकमेकांना जुळवून गुडघे बाजूंना सोडायचे आणि गुडघ्यांखाली तक्के द्यायचे. छाती आपोआप उघडते. तिसऱ्यात वज्रासनात बसून पुढचा लोड कवटाळायचा आणि गाल त्यावर टेकायचा. लहान मूल आईच्या मांडीवर पडते तसे.

पुण्याला बी. के. एस. अय्यंगार यांनी लोड, घोंगड्या, पट्टे आणि खुर्च्या यांचा आधार देऊन आसने करून घेण्याचे मोठे शास्त्रच बनवले. १९५२ साली सुप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन मुंबईला आले असताना त्यांची अय्यंगारांशी गाठ पडली. कार्यक्रमांमागून कार्यक्रम करून ते थकलेले होते. अय्यंगारांनी त्यांना अवघड आसने शिकवायला घेतली नाहीत, आधी निजवले. आणि तो जगभर हिंडणारा वादक गाढ झोपला. पुढे दोघांची मैत्री जन्मभर टिकली.

शेवटचा धडा शवासनाचा. पाय फूटभर अंतरावर, हात अंगापासून दूर, तळवे वर, डोळे मिटलेले. पायाच्या अंगठ्यापासून कपाळापर्यंत एकेक अवयव मनाने पाहायचा आणि सोडून द्यायचा. थकवा घालवणारे आणि चित्ताला विश्रांती देणारे, असे त्याचे वर्णन हठप्रदीपिकेत आहे. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रोग्यांना शवासन शिकवून त्याचा परिणाम तपासला आणि १९६९ साली तो वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. बऱ्याच रोग्यांचा रक्तदाब उतरला किंवा औषधाची गरज कमी झाली असे त्यांना आढळले. नुसते पडून राहण्याची अशी दखल घेतली गेली, हे मला नवीन होते.

नवीन होते आणि अवघडही. पहिल्या दिवशी शवासनात मी मनातल्या मनात २१ किलोमीटर धावून आलो. दोनदा घड्याळ पाहिले. तिसऱ्यांदा मान उचलली तेव्हा मामा म्हणाले, "तुला थांबता येत नाही, याला तू ताकद समजतोस. पंपाचे बटण बंद होत नसेल तर त्याला आपण चांगला पंप म्हणतो का रे?"

खरे थकलेले माणूस

चौथ्या दिवसाची गोष्ट. आम्ही बापलेक लोडांवर पसरलो होतो. सौ. नेहमीप्रमाणे आत होती. मामी म्हाताऱ्या, त्यांच्या हाताखाली म्हणून ती सकाळी नारळ खवायची, दुपारी भांडी आवरायची, चारला चहाचे आधण ठेवायची. तिला कोणी वर्गात बोलावले नव्हते. खरे सांगायचे तर, तिला विश्रांती हवी असेल हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. ती कुठे धावते?

मामींच्या मात्र आले होते. त्या माजघरातून म्हणाल्या, "सूनबाई, ते आधण उतरव आणि इथे नीज. चहा काय, ते दोघे करतील."

"नको हो मामी, माझे होतच आले आहे."

"गेली पन्नास वर्षे चार ते साडेचार मी कोणाची नाही. घरात पाहुणे असोत, नाहीतर लग्न असो. तू नीज."

सौ. संकोचून कोब्यावर निजली. मामींनी तिच्या गुडघ्यांखाली उशी सरकवली आणि डोळ्यांवर ओल्या पंचाची घडी ठेवली. पाच मिनिटांत तिला झोप लागली. पाऊण तास ती हलली नाही. मी चहा केला, तो निवला, पुन्हा तापवला. दारात उभा राहून मी तिच्याकडे पाहत होतो. दिवसाउजेडी तिला अशी झोपलेली मी किती वर्षांत पाहिली नाही याचा हिशेब करू लागलो, तो मुलीच्या जन्मापर्यंत मागे गेला. तेव्हा ती बाळंतीण होती.

पहाटे साडेपाचला मी शिवाजी पार्कवर असतो तेव्हा डबे कोण भरते? मी जिने चढून प्रकृती कमावतो तेव्हा गाडीच्या गर्दीत उभी राहून कचेरी गाठणारी आणि परतताना भाजी आणणारी कोण? माझ्या श्रमांना 'व्यायाम' असे नाव आहे, त्यांना पदक मिळते. तिच्या श्रमांना नाव नाही, आणि सुट्टीही नाही.

ती जागी झाली तेव्हा घाईने म्हणाली, "अगबाई, चहा!"

"झालाय," मी म्हटले. त्या चहात साखर जास्त पडली होती. तिने तो सगळा प्यायला.

थोडे सावधपणाचे

आता चार गोष्टी, ज्या मामांनी मला बजावल्या आणि मी वाचकांना बजावतो. रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी पाय वर घेण्याचे आणि श्वास रोखण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. घाम फार गेला तर मीठ-साखरेचे पाणी. आणि मुख्य म्हणजे, उन्हात कोणाचे अंग भट्टीसारखे तापले, बोलणे असंबद्ध झाले, शुद्ध हरपू लागली, तर तिथे योग नाही आणि सरबतही नाही. सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी घालून वारा घालावा, आणि त्याच वेळी डॉक्टरांना बोलवावे किंवा रुग्णालय गाठावे. मी सुरूच्या बनातून परत आलो तो योगाभ्यासाने नव्हे, एका कोळणीच्या बाटलीतल्या पाण्याने.

निघताना तिच्यासाठी काहीतरी घेऊन जावे म्हणून मी आक्षीला गेलो. ती भेटली. साडी तिने हातात घेऊन पाहिली, हसली आणि म्हणाली, "आता तरी उन्हांत पलू नको."

मुंबईला परतल्यावर माझे धावणे सुटलेले नाही. चैत्रापासून पाऊस पडेपर्यंत मात्र ते निम्म्यावर येते, आणि नमस्कार बारा. आमच्या घरात लोड नाहीत. दोन उशा घडी घातलेल्या सतरंजीत गुंडाळून काम भागते. संध्याकाळी साडेसात ते आठ ही वेळ आम्ही 'मामींची अर्धी तास' म्हणतो. त्या वेळी सौ. कोणाची नसते. कुकर मी लावतो. शिट्या मोजायला अजून चुकतो.

आता ते राहिलेले कारण. निरोप घेताना मी मामांना म्हटले होते, की हे सगळे पुढच्या उन्हाळ्यात नीट सुरू करीन. ते म्हणाले, "उन्हाळ्यात सुरू करायचे नसते. घेरंडसंहितेत स्पष्ट आहे: योगाचा आरंभ ग्रीष्मात, पावसाळ्यात किंवा कडक थंडीत करू नये. तो वसंतात करावा, नाहीतर शरदात." शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. म्हणजे दिवाळी! उन्हाळ्यात थांबता यायला हवे असेल तर थांबायला शिकण्याचे दिवस हेच.

तेव्हा वाचकहो, अंक खाली ठेवा आणि एकदा स्वयंपाकघरात डोकावा. हा फराळ तळायला जी गेले आठ दिवस उभी आहे, ती अजून उभीच असेल. तिला म्हणावे, झारा इकडे दे आणि अर्धा तास नीज. करंज्या थोड्या करपतील. करपू द्या.